फियाटचं स्टिअरिंग

१३ ऑक्टोबर २०२४, तुंगार्ली, लोणावळा

काल दसऱ्याला फियाटला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि बाबांनी दरवर्षीप्रमाणे गाडी फाटकाबाहेर नेऊन आणली. आत वळवून लावताना त्यांचा उजवा खांदा अडकला. स्टिअरिंग अर्ध्यावर आलं आणि पुढे जाईना. मी खिडकीतून हात घालून ओढलं तेव्हा गाडी जागेवर लागली. संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्या भाच्याने विषय काढला, "आजोबा, पॉवर स्टिअरिंग बसवून टाका. जुन्या गाड्यांना सर्रास बसवतात आता."

गाडी १९७२ची, फियाट ११०० डी. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. हीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि काळ्यापिवळ्या रंगात मुंबईभर फिरली. इंजिन १०८९ सीसीचं, वजन नऊशे किलोच्या आसपास. एवढ्या हलक्या गाडीला पॉवर स्टिअरिंग लागावं हे मनाला पटत नाही. पण बाबांचं वय ७८ आहे आणि खांदा आता पूर्वीसारखा होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. गाडी त्यांनीच चालवायची आहे. मी चालवून त्यांना शेजारी बसवलं तर या गाडीला घरात ठेवण्यात फारसा अर्थ उरत नाही.

म्हणून नीट बघायचं ठरवलं. काय काय बसवता येतं, त्याने काय मिळतं, काय जातं.

१५ ऑक्टोबर

सकाळी मोजमापं घेतली. पुढची चाकं सरळ ठेवून स्टिअरिंगच्या कडेला खडूची खूण केली आणि बाबांना टायरकडे बघायला बसवलं. टायर हलायला लागेपर्यंत स्टिअरिंग कडेला सात सेंटिमीटर फिरलं. एवढा प्ले फार झाला.

मग ताणकाटा कडेला अडकवून ओढून पाहिला. गाडी अंगणात उभी असताना चौदा किलो लागले. त्यानंतर जॅक लावून पुढची दोन्ही चाकं अधांतरी केली आणि परत ओढलं. आता टायर जमिनीला टेकतच नाहीत, तेव्हा काटा जेमतेम किलोभर दाखवायला हवा. त्याने पाच दाखवले.

दिवसभर हाच आकडा डोक्यात आहे. उभ्या गाडीचं स्टिअरिंग जड लागतं त्याला दोन कारणं असतात. टायरचं रबर जमिनीवर घासतं, हे एक. स्टिअरिंगच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंतच्या सांध्यांमधलं आतलं घर्षण, हे दुसरं. पहिलं प्रत्येक गाडीत असणारच. दुसरं आमच्या गाडीत पाचपट वाढलंय आणि बाबांचा खांदा ते रोज भरतोय. पॉवर स्टिअरिंग लावलं तर मोटर ते भरेल, आपल्याला कळणारही नाही, आणि आत जे घासतंय ते घासतच राहील. इतकी वर्षं हातांना जड लागून गाडी काहीतरी सांगत होती, ते सांगणं बंद पडेल. मला भीती वाटते ती याची.

१८ ऑक्टोबर

भांगरवाडीत मेस्त्रींकडे गाडी नेली. यांचे हात टॅक्सीवाल्या पद्मिन्यांवर बसलेले. त्यांनी गाडी स्टँडवर घेतली, आधी चाक वर-खाली धरून हलवलं, मग डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवलं. वर-खाली हललं तर किंगपिन नाहीतर बेअरिंग. डावी-उजवीकडे हललं तर टाय रॉडचे एंड किंवा आयडलर. आमचं दोन्हीकडे हललं.

मग त्यांनी मला खाली वाकून बघायला लावलं. या गाडीत स्टिअरिंगचा दांडा खाली बॉक्समध्ये जातो. आत वर्म असतो, त्याच्या आट्यांत अडकून बाहेरचा ड्रॉप आर्म फिरतो. ड्रॉप आर्म मधला दांडा ढकलतो, दुसऱ्या टोकाला आयडलर त्या दांड्याला सरळ धरून ठेवतो, आणि तिथून दोन टाय रॉड दोन चाकांना जातात. इतके सांधे, प्रत्येक सांध्यात थोडी झीज, आणि ती सगळी मिळून कडेला सात सेंटिमीटर.

"ताई, यात बॉक्सचा दोष कमी आहे," मेस्त्री म्हणाले. "कोणीतरी प्ले काढायला वरचा स्क्रू आवळून ठेवलाय."

तेच निघालं. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून वर्म मधोमध जास्त झिजतो. कडेचे आटे जवळजवळ नवेच राहतात. मधला प्ले घालवायला स्क्रू आवळला की मध्यावर बरं वाटतं, पण वळण घेताना कडेच्या न झिजलेल्या भागावर बॉक्स धरून बसतो. वळल्यावर स्टिअरिंग आपण होऊन परत येत नाही. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत नेमकं हेच होत होतं. वर प्ले तसाच, कारण तो बॉक्समध्ये नव्हताच, आयडलरच्या बुशमध्ये आणि टाय रॉडमध्ये होता.

किंगपिन कोरडे ठणठणीत. ग्रीस गन लावली तर ग्रीस निपलमधून आत जाईचना. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर गाडी बहुतेक वेळ शेडमध्ये असली तरी हवाच ओली असते. चार महिने जवळजवळ उभ्याच असलेल्या गाडीच्या सांध्यात जुनं ग्रीस घट्ट होतं आणि वाट बुजवतं.

२१ ऑक्टोबर

तरीही सगळे पर्याय बघायचे ठरवलंय, कारण खांद्याचा प्रश्न खरा आहे.

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगची कल्पना लवकरच बाजूला ठेवली. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२० च्या दशकात त्यावर काम केलं, आणि १९५१ मध्ये क्रायसलरने इम्पीरियलमध्ये ते विक्रीच्या मोटारीत आणलं. त्या गाडीचं वजन आणि इंजिन दोन्ही अवाढव्य होती. आमच्या इंजिनाची ताकद जेमतेम चाळीस हॉर्सपॉवर. त्यावर पंपाची आणखी एक पुली, एक पट्टा, तेलाची टाकी, दाबाचे पाइप. घाट चढताना आधीच तापणाऱ्या इंजिनाच्या अंगाला हे सगळं लटकवायचं. नको.

भाच्याने छोटं स्पोर्ट्स स्टिअरिंग दाखवलं होतं, ३३ सेंटिमीटर व्यासाचं. आमचं सुमारे ४० सेंटिमीटरचं आहे. व्यास कमी केला की तेवढंच वळवायला सुमारे २१ टक्के जास्त जोर लागतो. जुन्या गाड्यांची स्टिअरिंगं मोठी असायची ती याचसाठी. त्याला फोन करून हे हिशेबासकट सांगितलं, त्याला पटलं.

२३ ऑक्टोबर, पुणे

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बघायला पुण्याला गेले. हा पर्याय सगळ्यात मोहात पाडणारा आहे. स्टिअरिंगच्या दांड्यावरच मोटर बसते; डॅशबोर्डच्या खाली सगळं लपतं, इंजिनाला हात लागत नाही. ही मांडणी १९८८ मध्ये सुझुकीने सर्वो या छोट्या मोटारीत प्रथम आणली, आणि आज आपल्याकडच्या लहान गाड्यांमध्ये बहुतेक हीच असते. म्हणून स्क्रॅपमधल्या गाडीचा कॉलम सहज मिळतो. ज्यांनी दाखवला त्यांनी एका बोटाने स्टिअरिंग फिरवून दाखवलं. बाबांना हे दाखवलं असतं तर त्यांनी लगेच हो म्हटलं असतं.

पण तीन गोष्टी आड येतात.

आमचा गिअर स्टिअरिंगलाच आहे. कॉलमच्या बाजूने गिअरचा दांडा खाली जातो. कॉलम बदलला की त्याला जागा राहत नाही. मग गिअर खाली फ्लोअरला न्यायचा, म्हणजे गिअरबॉक्सची जोडणी बदलायची, फरशीला भोक पाडायचं, पुढची सलग सीट कापायची. स्टिअरिंगसाठी निघालो आणि अर्धी गाडी बदलून आलो, असं होणार.

दुसरी गोष्ट विजेची. आमच्या गाडीला अजून डायनॅमो आहे. मोटर जोर लावते तेव्हा चाळीस अँपिअरपर्यंत करंट खेचू शकते. बारा व्होल्टवर जवळजवळ पाचशे वॅट. डायनॅमो निम्मंही देत नाही, आणि इंजिन आयडलवर असताना तर जवळपास काहीच नाही. गाडी लावताना इंजिन आयडलवरच असतं, आणि मदत हवी तीही तेव्हाच. जुलैत खंडाळ्याच्या धुक्यात भर दुपारी हेडलाइट आणि वायपर चालू ठेवून जावं लागतं, तेव्हा आधीच बॅटरी खाली जात असते. म्हणजे अल्टरनेटर आलाच.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. आमच्या गाडीत स्टिअरिंगच्या चाकापासून बॉक्सपर्यंत एकच सरळ दांडा आहे. मोटरवाला कॉलम बसवायचा तर तो दांडा कापून खालच्या भागाला जोड द्यायचा. "वेल्डिंग करून देतो, कधी सुटणार नाही," असं मला तिथे शांतपणे सांगण्यात आलं. स्टिअरिंगच्या दांड्यावर वेल्डिंग करून घाटात उतरायचं, हे मी कुणाच्याही गाडीला होऊ देणार नाही. जोड द्यायचाच तर दातेरी टोकांचा, बोल्टने आवळलेला युनिव्हर्सल जॉइंट, आणि तो बनवणारा लेथवाला ओळखीचा.

एक बाजू मात्र प्रामाणिकपणे लिहून ठेवते. एकसंध दांडा अपघातात सरळ चालकाच्या छातीवर येतो. अमेरिकेत १९६७ मध्ये जनरल मोटर्सने दबणारा कॉलम आणला आणि त्याने जीव वाचले. आजचे कॉलम तसे दबतात. जुन्याच्या प्रेमापोटी हा फायदा नाकारता येत नाही. आमच्या गाडीला सीटबेल्ट आहेत, वेग कमी ठेवतो, तरी ही त्रुटी राहतेच.

२६ ऑक्टोबर

रॅक अँड पिनियन. शेजारच्या काकांचा हा आग्रह. त्यांच्याकडे अँबेसडर होती आणि तिला मुळातच रॅक होता, कारण ती ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली तिलाही तो होता. अँबेसडर फियाटपेक्षा जड, तरी स्टिअरिंग नेमकं, हे काकांचं म्हणणं खरं आहे. रॅकमध्ये सांधे कमी, त्यामुळे झीज साचायला जागाही कमी.

पण अँबेसडरचा पुढचा सगळा सांगाडा त्या रॅकभोवती आखलेला आहे. फियाटमध्ये दुसऱ्या गाडीचा रॅक बसवताना काय अडतं ते मेस्त्रींनी कागदावर दोन रेघा मारून दाखवलं: चाक ज्या विशबोनवर वर-खाली होतं, त्याच्या आतल्या बिजागरीच्या रेषेत रॅकचा सांधा आला पाहिजे. रॅक दोन इंच लांब-आखूड झाला तरी खड्ड्यात चाक वर जाताना टाय रॉड वेगळ्या कमानीत फिरतो आणि चाक आपोआप वळतं. सरळ धरलेलं स्टिअरिंग आणि डावीकडे ओढणारी गाडी. आमच्या मावळातल्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर हे दर वीस मीटरला होईल. शिवाय आर्म चाकाच्या मागे आहे की पुढे, याप्रमाणे रॅक कुठे बसणार ते ठरतं, आणि नेमकी तिथे ऑइल सम्प असते.

काकांना हे चित्र दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मग राहू दे."

३० ऑक्टोबर

आज कायद्याचा भाग समजून घेतला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच अर्थाचा निकाल दिला. झिजलेला भाग त्याच जातीच्या नव्या भागाने बदलणं म्हणजे दुरुस्ती. सांगाडा कापून दुसरं काही जोडणं ही वेगळी गोष्ट.

दुसरा विचार व्हिंटेज नोंदणीचा होता. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची मोटार तिथे बसते, म्हणजे आमची २०२२ पासूनच पात्र आहे. क्रमांकात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. स्टिअरिंगचं नाव त्यात घेतलेलं नाही, पण रॅक बसवायला चासीवर कंस वेल्ड केले की प्रश्न आलाच. आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. बाबांना सकाळी वलवणहून कामशेतपर्यंत जाऊन यायचं असतं. म्हणून नोंदणी आहे तशीच ठेवणार. पण उद्या कोणी पुढच्या पिढीतल्याने ती नोंदणी करायची ठरवली तर त्याची वाट आपण बंद करू नये, हा निकष मला आवडला. जे बसवू ते पाना घेऊन काढता आलं पाहिजे.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

सगळे जमले होते. जेवणानंतर बाबांसमोर सगळं मांडलं. त्यांनी मधे फक्त एकदा विचारलं, "पुण्याचं ते बोटाने फिरणारं बसवलं, तर रस्ता कळतो का हाताला?"

मी म्हटलं, कमी कळतो.

"मग पहिल्यांदा आहे ते नीट करूया. तू म्हणतेस तशी ती पाच किलोची अडचण काढ. त्यानंतरही हात चालला नाही तर मी मोटर लावून घेईन, हट्ट धरणार नाही."

ठरलं. बॉक्स मूळचाच, पण आतून पूर्ण नवा. बाकीचे सांधे सगळे बदलायचे. आणि डायनॅमो काढून त्याच्याच जागी, त्याच बोल्टांवर अल्टरनेटर, कारण तो दिव्यांसाठी तसाही हवा आहे आणि उद्या मोटर लावावी लागली तर अर्धं काम झालेलं असेल.

८ नोव्हेंबर

नाना पेठेत सकाळ गेली. टाय रॉड एंड, आयडलरचे बुश, किंगपिनचे दोन संच मिळाले. वर्मचा नवा संच एकाच दुकानात, जुन्या पिवळ्या खोक्यात. दुकानदाराने तो गुंडाळलेला ऑइलपेपर उलगडून दाखवला. आटे हाताने चाचपले, एकही ओरखडा नाही. महाग होता. घेतला. स्वस्तातला भागही होता, पण त्याची धार नखाला लागत होती. असा भाग बॉक्समध्ये घालायचा आणि सहा महिन्यांत परत उघडायचा, यापेक्षा एकदाच पैसे गेलेले बरे.

११ नोव्हेंबर

मेस्त्रींचं काम दोन दिवस उभं राहून पाहिलं. नव्या किंगपिनचे बुश ठोकून बसवले की ते किंचित आवळतात, म्हणून आतून रीमर फिरवून पिन तळहाताच्या दाबाने जाईल इतकंच मोकळं करावं लागतं. मेस्त्री रीमर अर्धा फेरा फिरवत, पिन घालून बघत, काढत, पुसत, परत फिरवत. कुठेही घाई नाही. पिन शेवटी तळहाताच्या दाबाने हळूहळू आत सरकली तेव्हा त्यांनी मला हाक मारली, "ताई, आता बघा."

बॉक्स भरताना आधी वर्मच्या दोन टोकांचा ताण पातळ शिमनी ठरवला, आणि वरचा स्क्रू सगळ्यात शेवटी, चाकं सरळ असताना, फक्त प्ले जाईपर्यंत. त्यापुढे एक धागाही नाही. नव्वद नंबरचं ऑइल भरलं.

संध्याकाळी चाकं अधांतरी असताना ताणकाटा लावला. किलोच्या थोडं आत.

१४ नोव्हेंबर

टायरचा प्रश्न राहिला होता. मूळ माप ५.२०–१४, अरुंद. मागे कधीतरी रुंद रेडियल चढवले होते, दिसायला भारदस्त. रुंद टायर उभ्या गाडीत जास्त घासतो, आणि घरातल्या कुणाला हे जाणवलं नाही कारण तेव्हा बाबांचा खांदा ठणठणीत होता. आता मूळ मापाच्या जवळचे अरुंद रेडियल घातले. हवा पुढे दोन पौंड वाढवली. टो-इन पुस्तकाप्रमाणे लावून घेतलं. अलाइनमेंटवाल्याच्या यंत्रात या गाडीचं नावच नव्हतं, म्हणून त्याने आणि मी आकडे हाताने भरले.

अंगणात उभ्या गाडीवर ताणकाटा: नऊ किलो. चौदावरून. आणि मूळच्या मोठ्या स्टिअरिंगवर.

१९ नोव्हेंबर

शनिवार-रविवारची गर्दी ओसरली म्हणून आज उजाडताच निघालो. बाबा स्टिअरिंगवर. आधी घाट, खाली खोपोलीकडे. शिंगरोबाच्या देवळापाशी थांबलो, बाबांनी नाणं वाहिलं. १८३० मध्ये तयार झालेल्या घाटरस्त्याचा माग ज्याने काढून दिला असं सांगतात, त्या शिंगरोबा धनगराला मान दिल्याशिवाय जुने चालक पुढे जात नसत.

खालच्या तीव्र वळणांवर मी त्यांच्या खांद्याकडे बघत होते. वळण संपलं की ते पकड सैल करत आणि स्टिअरिंग हातांतून सरकत आपणच सरळ होत होतं. आवळलेल्या बॉक्सने हे कधी होऊच दिलं नव्हतं. परत येऊन वलवणवरून कामशेतच्या खिंडीपर्यंत गेलो. साठच्या वेगाला गाडी एका रेषेत, रस्त्यावरची प्रत्येक भेग हाताला कळत होती, असं बाबा म्हणाले.

फाटकात परत गाडी लावायची वेळ आली तेव्हा थोडं अवघड गेलंच. उभ्या गाडीत चाक पूर्ण वळवताना खांदा अजून दुखतो. मी त्यांना म्हटलं, गाडी थोडी सरकत ठेवा आणि मगच वळवा. चाक फिरत असताना जोर बराच कमी लागतो. त्यासाठी अंगणातली तुळशीची कुंडी चार फूट मागे घ्यावी लागेल. आईला विचारून आजच हलवली.

२५ नोव्हेंबर

अल्टरनेटर बसला. डायनॅमोच्याच कंसावर, एक पट्टी जास्तीची. डायनॅमो पुसून, तेल लावून, माळ्यावर ठेवला. त्याच्यावर तारखेची चिठ्ठी.

मोटरवाल्या कॉलमचा विषय बंद केलेला नाही. पुढच्या पावसाळ्याआधी, मेच्या शेवटी, बाबांच्या हातून ताणकाट्यावर परत माप घेणार. त्यांचा खांदा नऊ किलो ओढू शकला नाही तर गिअर खाली न आणता कॉलममध्ये मोटर कशी बसेल याचा आराखडा मेस्त्री आत्तापासून करत आहेत. त्यासाठी मूळ दांडा कापायचा नाही. दुसरा जुना दांडा आणि जुना बॉक्स शोधायचा, जोड त्यावर द्यायचा, आणि आमचा मूळ संच डायनॅमोशेजारी ठेवायचा. तसा दांडा कुणाकडे आहे का, याची चौकशी नाना पेठेत सांगून आलेय.

वहीच्या मागच्या पानावर ग्रीसचं वेळापत्रक लिहिलं: किंगपिन, टाय रॉड, आयडलर. पावसाळ्यात दर पंधरवड्याला, गाडी बाहेर निघो न निघो.